क्षेत्रकार्यातील कॅमेरा : स्वस्तपणा आणि टिकाऊपणा यांचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्यासाठी पाठवावयाचे ठरले म्हणजे दरवर्षी विभागात एक प्रश्न उपस्थित होतो : थोड्या पैशांत मिळेल आणि पुष्कळ दिवस चालेल असा डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा? वरवर पाहता हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा आहे. तथापि 'स्वस्त' आणि 'टिकाऊ' ह्या दोन विशेषणांचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा पालटला आहे. आणि तो कसा पालटला हे पाहिल्यावाचून प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. हे मत ज्या प्रसंगामुळे झाले तो प्रथम सांगणे इष्ट होईल.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास पैनगंगेच्या काठी झरी जामणी हा तालुका आहे. नदीपलीकडे आदिलाबाद जिल्हा लागतो. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा ह्या टापूत कानी पडतात. कोलामांच्या वस्तीस तिकडे 'पोड' म्हणतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पोडावर एका वृद्ध गृहस्थांनी बांबूच्या कामट्यांची टोपली आरंभापासून शेवटपर्यंत विणून दाखविली, आणि प्रत्येक क्रियेचे व प्रत्येक भागाचे कोलामी नाव सांगितले. आवाज वेगळ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. चित्रे एका स्वस्त कॅमेऱ्याने घेतली. पुढे कॅमेरा निकामी झाला. त्याचे मेमरी कार्ड ज्या जातीचे होते त्या जातीची कार्डे बाजारातून नाहीशी झाली होती. विभागात ते वाचण्याचे साधन नव्हते, आणि अखेर एका ठिकाणी ते उघडले तेव्हा त्यात काही उरले नव्हते.

हानी किती झाली हे ध्वनिमुद्रण ऐकू लागल्यावर कळले. त्यात वृद्ध गृहस्थ पावलोपावली 'हे', 'इकडून', 'असे' ह्या अर्थाचे शब्द वापरतात. भाषाविज्ञानात ज्यांना आपण दर्शक शब्द म्हणतो त्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या बोटाच्या टोकाशी असतो. बोट दिसेनासे झाले की शब्द ऐकू येतो, पण अर्थ हरवतो. विणीच्या ज्या दोन प्रकारांना त्यांनी दोन निराळी नावे दिली, त्यांतील भेद आज आम्हांस सांगता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पोडावर जाणे झाले तेव्हा ते गृहस्थ निवर्तले होते. त्यांच्या सुनेने विचारले, "सर, आमच्या बुढ्याचा फोटो तुमच्यापाशी हाय नं?" ह्या प्रश्नास देण्यासारखे उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नव्हते.

कॅमेरा स्वस्त होता हे खरे. परंतु ह्या हिशेबात तो किती महाग पडला?

२. काचेपासून फिल्मपर्यंत

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात कॅमेऱ्याच्या टिकाऊपणाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. लाकडाची पेटी, चामड्याचा भाता आणि पितळेच्या नळीत बसविलेले भिंग. ह्यांत बिघडण्यासारखे थोडे आणि सुताराला दुरुस्त करता न येण्यासारखे त्याहून थोडे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तिच्या कार्यात सहभागी झाले. ह्या रीतीत खर्च यंत्राचा नसून काचेचा, रसायनांचा व श्रमांचा असे. काच ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच काळोख्या तंबूत ते धुवावयाचे, असा हा व्यवहार होता. मात्र एकदा तयार झालेली काचेची पट्टी फुटली नाही तर शतकभर टिके. म्हणजे त्या काळी यंत्र आणि चित्र दोन्ही टिकाऊ होती. स्वस्त मात्र काहीच नव्हते.

ह्या टिकाऊ चित्रांचे मोल मात्र त्यांच्यासोबतच्या नोंदीवर अवलंबून राहिले. १८६८ ते १८७५ ह्या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा चित्रसंग्रह सरकारी आश्रयाने निघाला. त्यातील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जातीचे वा जमातीचे आहे. चेहरा दीडशे वर्षे टिकला, पण तो कोणाचा हे टिकले नाही. चित्राचे आयुष्य आणि चित्राच्या अर्थाचे आयुष्य ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा पहिला धडा ह्या संग्रहातून मिळतो.

स्वस्तपणाचे युग आणले ते जॉर्ज ईस्टमन यांनी. १८८८ सालचा त्यांचा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांना मिळे व त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. चित्रे संपली की सबंध कॅमेराच कारखान्यात परत पाठवावयाचा. १९०० साली ब्राउनी हा पुठ्ठ्याच्या पेटीचा कॅमेरा एक डॉलरला निघाला. हे यंत्र साधे होते, पण त्यातील फिल्म कुठेही धुवून मिळे. पुढे आपल्याकडे बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री ह्या पेटीवजा कॅमेऱ्याने हेच काम केले. १२० क्रमांकाच्या एका रिळावर बारा चौकोनी चित्रे, जवळजवळ काहीही न फिरविता घेता येत. पुष्कळ मराठी कुटुंबांतील लग्नमुंजींची चित्रे त्यावर निघाली. स्वस्त कॅमेऱ्याचे खरे बळ त्याच्या पेटीत नव्हते. गावोगावच्या फोटो स्टुडिओत होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

३. दादासाहेब फाळके यांची खरेदी

बेताच्या पैशांत कॅमेरा निवडण्याचे मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दादासाहेब फाळके यांचे होय. चलच्चित्रे काढण्याचे मनात घेतल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे 'बायस्कोप' नियतकालिकाचे संपादक कॅबर्न यांचा त्यांनी सल्ला घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहिले, आणि मग विल्यमसन कॅमेरा खरेदी केला.

ह्या प्रसंगातील आपल्या उपयोगाचा भाग असा की, फाळके केवळ कॅमेरा घेऊन परतले नाहीत. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुण्याची व प्रती काढण्याची साधने आणि कच्ची फिल्म ह्यांचीही त्यांनी तजवीज केली. मुंबईत परतल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट काढून दाखविला. त्यात यंत्राचीही परीक्षा आपोआप झाली. १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. आधी जाणकाराचा सल्ला, मग वापराचे निरीक्षण, मग यंत्रासह सगळ्या साखळीची खरेदी, आणि मुख्य कामापूर्वी लहान प्रयोग, हा त्यांचा क्रम होता. आज विद्यार्थ्याने कॅमेरा घेतानाही ह्याहून चांगला क्रम सुचविता येईल असे वाटत नाही.

४. कोलामीच्या अभ्यासाची परंपरा

आता पुन्हा झरी जामणीच्या भाषेकडे वळू. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा असून गेल्या दोन जनगणनांत तिच्या भाषकांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास नोंदली गेली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीचा मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. तो १९०६ साली निघाला आणि त्यात कोलामीस स्थान मिळाले. पी. सेतुमाधवराव यांचे कोलामीचे व्याकरण १९५० साली हैदराबादेस प्रसिद्ध झाले. हेच पुढे मराठी वाचकांस इतिहासकार म्हणून परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी होत. मरे एमेनो यांनी १९३० नंतरच्या दशकात वर्धा भागातील कोलामी टिपून घेतली आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९५५ साली कॅलिफोर्नियातून बाहेर पडला. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादेत फ्यूरर-हाइमेन्डॉर्फ यांनी गोंडांविषयी जे कार्य केले त्याचा ग्रंथ १९४८ सालचा आहे. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत जतन झाला आहे.

नदीच्या दोन तीरांवर एकच भाषा बोलली जात असता तिची नोंद मात्र दोन राज्यांच्या दप्तरांत विभागली गेली. अलीकडचा तीर वऱ्हाडात, पलीकडचा निजामाच्या राज्यात. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर एक बाजू मुंबई राज्यात आली व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दुसरी आंध्र प्रदेशात गेली व २०१४ पासून तेलंगणात आहे. अशा स्थितीत सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची जी सामग्री आज हाती लागते ती मुख्यतः छापील कागदावरची आहे. एमेनो यांनी टिपलेला शब्द आज कोणताही विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन वाचू शकतो. त्यास विजेची, तारेची वा विशिष्ट कार्डाची गरज लागत नाही. डिजिटल साधनांनी कितीही सुविधा दिल्या तरी टिकाऊपणाच्या कसोटीवर आपली स्पर्धा ह्या कागदाशी आहे, हे विसरून चालणार नाही.

५. डिजिटल कॅमेरा : पन्नास वर्षांचा आढावा

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर साठविणारी सीसीडी ही रचना कल्पिली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते. शंभर गुणिले शंभर, म्हणजे केवळ दहा हजार बिंदूंचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९९२ साली जेपेग ही चित्रसंक्षेपाची पद्धत मान्य झाली. १९९५ साली चित्रासोबत त्याची वेळ व यंत्राची माहिती साठविण्याचा एक्सिफ हा संकेत जपानात ठरला. १९९९ साली एसडी कार्डाची घोषणा झाली. २००३ च्या सुमारास भिंगे बदलता येणारे कॅमेरेही हजार डॉलरांच्या आत आले.

स्वस्ताई आली तसा टिकाऊपणाचा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. २००५ च्या ऑक्टोबरात अनेक जपानी उत्पादकांना एकामागून एक जाहीर करावे लागले की, विशिष्ट काळात बनलेल्या सीसीडीतील सूक्ष्म जोडण्या उष्णता व दमटपणा यांमुळे सुटू शकतात व चित्र विकृत होते किंवा उमटतच नाही. निरनिराळ्या नावांच्या कॅमेऱ्यांच्या पोटात एकच घटक होता, म्हणून दोषही सर्वत्र एकच झाला. नाव पाहून टिकाऊपणा ठरविता येत नाही, हे ह्या प्रकरणाने दाखविले.

दुसरा प्रश्न कार्डांचा. स्मार्टमीडिया १९९५ साली आले आणि दशकभरात मागे पडले. २००२ साली आलेले एक्सडी कार्ड २०१० च्या सुमारास उत्पादकांनीच सोडून दिले. एसडी मात्र टिकले, कारण ते कोणत्याही एका कॅमेऱ्याच्या मालकीचे राहिले नाही. भाषांच्या इतिहासाशी हे फारसे विसंगत नाही. जी लिपी एकाच दरबारात चालते ती दरबारासोबत संपते.

तिसरा फेरबदल बाजाराचा. जपानी उत्पादकसंघाच्या आकड्यांनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली ही संख्या ९० लाखांच्या आत आली. स्वस्त छोट्या कॅमेऱ्याची जागा मोबाइलने घेतली. परिणामी अल्प खर्चाच्या खरेदीसाठी आज प्रामुख्याने दोन वाटा उरतात : जुना, पण चांगल्या स्थितीतील कॅमेरा, अथवा हाती असलेला मोबाइल.

६. झरी जामणीच्या निकषांवर

ह्या पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष स्थळाचा विचार करू.

(अ) उष्णता, धूळ व पाऊस. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान शून्य ते चाळीस अंश सेल्सिअस असे दिलेले असते. ह्या भागात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. मोटारीच्या बंद काचांआड तो त्याहून वर जातो. काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि बाहेर सरकणाऱ्या भिंगाच्या नळीत ती शिरली की नळी अडकते. म्हणून भिंग ज्याच्या अंगातच राहते असा, धूळ व पाणी रोखणारा कॅमेरा येथे अधिक उपयोगी. २००६ च्या सुमारास दीड मीटरवरून पडणे व तीन मीटर पाण्याखाली जाणे सोसणारे छोटे कॅमेरे बाजारात आले, ही ह्या वर्गाची सुरुवात म्हणता येईल. मात्र जुना घेताना त्याच्या झाकणाचे रबर कडक झाले आहे काय ते पाहावे. कारण संरक्षणाचा आकडा नव्या रबराचा असतो. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, यास्तव सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाचा डबा बाळगावा.

(आ) वीज. पोडावर वीज असली तरी ती हव्या त्या वेळी असेलच असे नाही. दोन पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचे महत्त्व येथे कळते. कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतील कित्येक नमुने दोन सेल आणि एसडी कार्ड यांवर चालत. भार दीर्घकाळ टिकवून धरणारे, पुन्हा भारित होणारे सेल २००५ पासून मिळू लागले आणि ही व्यवस्था पुरी झाली. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी असेल तर ती आणखी किती वर्षे मिळेल हे आधी विचारावे व दोन जादा घ्याव्यात.

(इ) बिंदूंची संख्या. येथे व्यर्थ खर्च सर्वांत अधिक होतो. ए-फोर आकाराचा हस्तलिखित कागद इंचास ३०० बिंदू ह्या प्रमाणात वाचनीय हवा असेल तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू लागतात. नऊ-दहा मेगापिक्सेलच्या पुढचा आकडा आपल्या नेहमीच्या कामास क्वचितच लागतो. त्यापेक्षा झोपडीच्या अंधुक उजेडात चित्र कसे येते हे दुकानातच एखाद्या कोपऱ्यात उभे राहून पाहावे.

(ई) ध्वनी. चलच्चित्र सेकंदास २५ चौकटींचे असेल तर दोन चौकटींत ४० मिलिसेकंदांचे अंतर पडते. स्पर्शवर्णाचा स्फोट त्याहून पुष्कळ अल्प काळाचा असतो. शिवाय छोट्या कॅमेऱ्यातील ध्वनी बहुधा संक्षेपित असतो. तेव्हा उच्चाराच्या विश्लेषणासाठी ध्वनिमुद्रक वेगळाच हवा. कॅमेऱ्याने हात, वस्तू, बोट आणि ओठ दाखवावेत. एवढे त्याचे काम.

(उ) घड्याळ. ह्या बाबीकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांचे घड्याळ सेल काढून ठेवले की मूळ तारखेवर परत जाते. मग पावसाळ्यातील पेरणीच्या चित्रावर एक जानेवारी ही तारीख उमटते, आणि सालही खोटे पडते. यंत्राने घातलेली तारीख म्हणून पुढचा संशोधक ती प्रमाण मानील. शिलालेखातील शकाची आपण जशी चिकित्सा करतो तशीच ह्या तारखेचीही केली पाहिजे. प्रत्येक दिवसाच्या आरंभी त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून त्याचे एक चित्र घेणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

मोबाइल ह्या निकषांवर कसा उतरतो? धूळ, उजेड व बिंदू यांबाबत आजचा साधारण मोबाइलही समाधानकारक असतो, आणि तारीखही बहुधा बरोबर देतो. अडचण अशी की तो विद्यार्थ्याच्या खासगी चित्रांत क्षेत्रकार्याची चित्रे मिसळतो, निरोपांतून पाठविताना त्यांची प्रत उतरवितो, आणि दोन-तीन वर्षांत बदलला जातो. चित्रे त्याच दिवशी मूळ रूपात बाहेर काढली जात असतील तरच तो चालेल.

७. निष्कर्ष

मराठीत '-आऊ' हा प्रत्यय लागून टिकाऊ, टाकाऊ, विकाऊ, जळाऊ अशी विशेषणे होतात. टाकाऊ म्हणजे जे टाकले जाते ते. टिकाऊ म्हणजे जे स्वतः टिकते ते. आपण 'टिकाऊ कॅमेरा' म्हणतो तेव्हा टिकण्याचे कर्तृत्व यंत्राकडे देतो. वस्तुतः काचेच्या पट्टीच्या काळापासून आजपर्यंतचा इतिहास असे सांगतो की, यंत्र हे नेहमीच थोडेफार टाकाऊ असते. टिकले पाहिजे ते चित्र. आणि चित्राबरोबर कोण, कोठे, केव्हा व काय म्हणाले ही नोंद. तेव्हा कॅमेऱ्याची किंमत दुकानातील पावतीवर न मोजता, दहा वर्षांनी उघडणाऱ्या एका चित्रामागे किती खर्च आला ह्यावर मोजावी. खरेदीच्या रकमेतून काही भाग आरंभीच वेगळा काढून दोन साठवण-तबकड्यांसाठी व छापील प्रतींसाठी ठेवावा. मूळ चित्र न बदलता तीन ठिकाणी ठेवावे, त्यांपैकी एक निराळ्या इमारतीत. जेपेग चित्र पुन्हा पुन्हा बदलून साठविले तर प्रत्येक वेळी थोडे झिजते, म्हणून काम नेहमी प्रतीवर करावे.

छापील प्रतींचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. झरी जामणीतील कोलाम कुटुंबांची, विशेषतः तेथील कुमारी मातांच्या प्रश्नाची चर्चा वृत्तपत्रांतून बरीच झाली. बाहेरचे लोक कॅमेरा घेऊन आले आणि गेले. अशा गावी पुन्हा कॅमेरा घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी विचारावे, नाव व गाव नीट लिहून घ्यावे, आणि पुढच्या फेरीत कागदावरचा फोटो हाती द्यावा. ही केवळ सौजन्याची बाब नव्हे, जतनाचीही आहे. आपल्या तबकड्या व कार्डे गेली तरी पोडावरच्या भिंतीला लावलेली एक प्रत शिल्लक राहील, आणि तिच्याकडे पाहून तो माणूस कोण, त्याच्या हातातील वस्तूस काय म्हणतात, हे सांगणारेही तेथेच असतील.

विभागासाठी ह्या वर्षी जो कॅमेरा घ्यावयाचा आहे तो, प्रस्तुत लेखकाच्या मते, पेन्सिल सेलांवर व एसडी कार्डावर चालणारा, जुना परंतु तपासून घेतलेला असावा. आणि उरलेल्या पैशांतून प्रती काढाव्यात. त्या सुनेस द्यावयाचा फोटो आता कोणत्याही कॅमेऱ्याने मिळणार नाही. पण टोपली विणणारे हात त्या पोडावर अजून आहेत, आणि ते दोन्ही शब्द ठाऊक असणारे लोकही आहेत.